आधी तोंड दाखवा, मग बोला

त्या घरात एक नियम झाला होता. आतल्या खोलीतून बाहेरच्याला हाक मारायची नाही. दूध उतू जाऊ दे, बादली भरून वाहू दे, अगदी घराला आग लागू दे, पण ओरडून सांगायचं नाही. चालत जायचं, समोर उभं राहायचं, आधी तोंड दाखवायचं, मग बोलायचं. एखादा पाहुणा सवयीने स्वयंपाकघराकडे मान वळवून "वहिनी, चहा टाका बरं का!" अशी आरोळी ठोकायचा. आतून उत्तर यायचंच नाही. मग वहिनी स्वतः हात पुसत बाहेर यायची, "टाकते" एवढं म्हणायची आणि परत आत जायची. पाहुण्याला वाटायचं, आज नवराबायकोचं वाजलेलं दिसतंय.

वाजलं-बिजलं काही नव्हतं. घरातल्या आठ वर्षांच्या मुलीने एक भुताचा सिनेमा पाहिला होता, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? भुताचे सिनेमे सगळेच बघतात. बघतात ना! आणि प्रत्येकजण तिथून एकेक सवय घेऊन उठतो, कबूल मात्र कुणी करत नाही. त्याच इमारतीतली नर्सबाई डोक्याला साबण लावताना डोळे मिटत नाही, चुरचुरले तर चुरचुरू देते. तिसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड फौजदार, हे एवढे धिप्पाड, गाडीत बसण्याआधी वाकून मागची सीट बघून घेतात. आणि त्या घरातल्या आमच्या ह्या वहिनीचा नवरा, दिवसभर औषधाच्या दुकानात उभा राहून लोकांना झोपेच्या गोळ्या देणारा माणूस, कपाटाचं दार इंचभर उघडं राहिलं तर अंथरुणातून उठून लावतो. विचारलं तर म्हणतो, "झुरळं जातात गं आत." झुरळं म्हणे! भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण एवढ्या लोकांच्या पाठी लागून लागून त्या ब्रह्मराक्षसाचेही पाय दुखत असतील.

ती स्वतः मात्र कधी घाबरली नव्हती. घाबरून तिला चाललंच नसतं. भुतांवरच तर तिचं घर चाललं होतं.

परदेशी सिनेमे आपल्या भाषेत करायचे, तर त्यातल्या माणसांच्या तोंडी आपले शब्द घालावे लागतात. ते घालणाऱ्या माणसांपैकी ती एक. आधी ती फोनवरची बाई होती, "कृपया थोडा वेळ थांबा" म्हणणारी. मग जाहिरातीतल्या सासवा झाल्या, कार्टूनमधले ससे झाले, आणि एकदा एका नटीचा घसा बसला म्हणून हिला बोलावून एक किंकाळी मारायला लावली. ती किंकाळी अशी काही बसली की तेव्हापासून भुतं, चेटकिणी, हडळी, विहिरीतल्या बाया, सगळा गोतावळा हिच्याकडे आला. रेकॉर्डिंग करणारा दादा तिला भूतबाई म्हणायचा. "काय भूतबाई, आज किती जणांना खाणार?" असं रोजचं स्वागत.

खोली एवढीशी. भिंतींना जाड स्पंज, दाराला गोधडीसारखा पडदा, आणि पंखा बंद, कारण पंख्याची घरघर आवाजात उतरते. काचेपलीकडे दादा, काचेअलीकडे घामाने निथळणारी ही. समोर पडद्यावरची बाई तोंड हलवते तसं हिने बोलायचं. किंकाळ्यांचं काम नेहमी शेवटी, कारण त्यानंतर घसा कामाचा राहत नाही. आणि गंमत म्हणजे दोन किंकाळ्यांच्या मध्ये ही मांडीवर पेपर पसरून पालेभाजी निवडत बसायची. काळीज फाटेल असं ओरडायची, आणि लगेच, "दादा, झाली का? का अजून एक मारू? मेथी संपत आलीय माझी." तो दादा, ज्याची हयात भुतं ऐकण्यात गेली, तो कधी दाराकडे पाठ करून बसत नसे. खुर्ची भिंतीला टेकवूनच बसायचा. हिने त्यावरून त्याची पुरेपूर टर उडवली होती.

मग तो सिनेमा आला. त्यातली चेटकीण दिसायला भयंकर, पण तिला कुणाच्याही आईचा आवाज काढता यायचा. आई घराबाहेर गेली की ही बया दाराशी यायची आणि आईच्या आवाजात लेकराला हाक मारायची. लेकराने दार उघडलं की संपलं. भूतबाईने आपला नेहमीचा ठेवणीतला घोगरा आवाज काढला. दादाने काचेमागून जोरजोरात हात हलवले.

"भूतबाई, घोगरं नको! ऐकणाऱ्याला भूत वाटताच कामा नये. घरी पोरीला हाक मारता ना, तश्शी मारा. डिट्टो."

आता अडचण अशी, की पडद्यावरचे ओठ हाक मारताना दोनदा मिटत होते. ओठ मिटले की आपलाही शब्द ओठ मिटवणारा लागतो, नाहीतर बघणाऱ्याला लगेच खटकतं. 'बाळा' म्हटलं तर ओठ एकदाच मिटतात. 'सोनू' म्हटलं तर मिटतच नाहीत. दादा डोकं खाजवत बसला. आणि हिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "बुबडे."

"बुबडे, दार उघड. मीच आहे गं, आई."

एका फटक्यात झालं. दादाने हात पुढे करून दाखवला, खरोखर काटा आला होता. ती खूश होऊन घरी आली. बुबडी हे तिच्या लेकीचं घरातलं नाव, फक्त तिघांना ठाऊक असलेलं. पोर लहान, सिनेमा मोठ्यांचा, ती कशाला बघायला जातेय, असा साधा हिशोब. असली चूक दुसऱ्या कुठल्या आईच्या हातून होऊच शकली नसती, तेवढं मात्र खरं.

सुट्टीत मुलगी आत्याकडे राहायला गेली. दुपारी आत्या जरा आडवी झाली आणि तिच्या मोठ्या मुलांनी टीव्हीवर नेमका तो सिनेमा लावला. ही पोर त्यांच्यामागे पांघरूण घेऊन बसलेली. आणि टीव्हीतल्या दाराबाहेरून तिच्या आईने तिला तिच्या नावाने हाक मारली.

पोर ओरडली नाही, रडली नाही, कुणाला काही सांगितलं नाही. शहाण्यासारखी घरी परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने स्वयंपाकघरातून आवाज दिला, "बुबडे, दूध घे." ओ नाही. पुन्हा हाक मारली, तरी नाही. "कान फुटले का गं?" म्हणत आई बाहेर आली, तर लेक भिंतीला पाठ लावून उभी, हातात पट्टी, तीही तलवारीसारखी धरलेली. आईचं तोंड कितीतरी वेळ बघून तिने विचारलं, "तू हाक मारलीस?"

"मी नाही तर कोण, शेजारची म्हैस?"

लेक हसली नाही. आईने नणंदेला फोन लावला, तिने आपल्या मुलांना दरडावून विचारलं, आणि काय घडलं ते कळलं.

बापाने समजूत घातली. "अगं वेडाबाई, तो सिनेमा होता. आईनेच काढलाय तो आवाज. काम आहे ते आईचं."

"माहितीये मला," मुलगी म्हणाली. "पण आता त्या चेटकिणीला पण येतो ना तो."

बाप औषधाच्या दुकानातला, त्याच्याकडे ह्याच्यावर गोळी नव्हती. मग नियम झाला. तोंड दाखवायचं, मग बोलायचं. हाक बंद. फोनवर आईशी बोलणं बंद, बाबांशी चालेल. झोपताना आई गाणं म्हणायची ते चालू राहिलं, पण दिवा लावून, आणि लेक डोळे सताड उघडे ठेवून आईच्या ओठांकडे बघत असायची. असं झोपतं का कुणी? बाथरूमची कडी कधी न लावणारी पोर आता वरची आणि खालची अशा दोन्ही कड्या लावायला लागली. आणि आंघोळीला जाताना हात-आरसा घेऊन जायची, डोक्याला साबण लावताना मागचं दार दिसावं म्हणून.

आईने भुतांची कामं सोडली. दादा चिडला, रुसला, शेवटी म्हणाला, "बाई, पोरं विसरतात हो." विसरली नाही. मग कुणीतरी सुचवलं, तिला एकदा स्टुडिओ दाखवून आणा, सगळं खोटं असतं हे डोळ्यांनी बघितलं की भीती जाईल. पटण्यासारखंच होतं. ती लेकीला घेऊन गेली, दादाच्या शेजारी खुर्चीवर बसवलं, दादाने बिस्किटाचा पुडा हातात दिला. आई काचेपलीकडे जाऊन उभी राहिली आणि हसून म्हणाली, "बघ, मी इथे बोलतेय."

पण काच जाड. तिचे ओठ काचेमागे हलले आणि आवाज आला तो लेकीच्या मागच्या भिंतीवरच्या खोक्यातून.

मुलीने वळून खोक्याकडे पाहिलं. मग काचेकडे. मग पुन्हा खोक्याकडे. तिने बिस्किटं खाली ठेवली. घरी येताना तिने आईचा हात धरला, घट्ट धरला, पण बोलली ते वेगळंच. "म्हणजे तोंड एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, असं पण होतं." झालं! आगीतून उठून फुफाट्यात. आई त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्यासमोर रडली. "माझा गळाच काढून टाकावा असं वाटतंय," असं म्हणाली. नवरा म्हणाला, "असं बोलू नये."

पुढे एका दुपारी मुलगी शाळेतून आली, खेळून मातीने माखली होती, म्हणून आंघोळीला गेली. नवरा दुकानात. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. आतून पाण्याचा आवाज येत होता, तो चांगला चालू होता. मग काहीतरी फुटल्याचा खळ्ळकन आवाज झाला आणि पाठोपाठ लेकीची किंकाळी. किंकाळी कशी असते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? ही खरी होती.

ती धावली. दाराखालच्या फटीतून साबणाचं पाणी बाहेर येत होतं, आणि ते गुलाबी होतं. साबणाच्या हातातून आरसा निसटला, पोरीने दचकून पाय टाकला तो काचेवरच. आईने दारावर दोन्ही हात मारले, आणि कुठल्याही आईच्या तोंडून निघेल तेच तिच्या तोंडून निघालं.

"बुबडे, दार उघड! मीच आहे गं, आई!"

आतलं रडणं एकदम थांबलं. नळ बंद झाला. दाराच्या आड पोर श्वास रोखून उभी राहिली, कारण सिनेमातली मुलगी तसंच करते आणि चेटकीण निघून जाते. आपण काय बोललो ते आईच्या लक्षात आलं, अक्षर न् अक्षर.

"नाही गं राणी, मी खरंच... अगं, रक्त येतंय तुला. कडी काढ." शब्दागणिक ती जास्त घाबरवत होती आणि शब्दांशिवाय तिच्याकडे काही नव्हतं. तिने जमिनीवर पालथं पडून फटीखालून बोटं आत घातली, आपली अंगठी तरी ओळखेल म्हणून. आतून अशी कर्कश आरोळी आली की तिने बोटं झटकन बाहेर ओढली. दाराखालून आलेली बोटं बघून तुम्ही-आम्ही तरी काय केलं असतं?

आणि मग तिने ते केलं, जे तिने करायला नको होतं. पण घाबरलेला माणूस जे येतं तेच करतो. सुताराने रंधा शोधला असता, हिने आवाज शोधला. तिचा आवाज चालत नव्हता ना? मग दुसऱ्या कुणाचा तरी. तिने घसा साफ केला आणि लेकीच्या लाडक्या वर्गशिक्षिकेच्या, बरोब्बर त्याच किनऱ्या, प्रेमळ आवाजात म्हणाली, "शहाणी ना तू? काढ बघू कडी."

आत काहीतरी धपकन पडलं. बादली असावी, किंवा पोर स्वतः. "जा! जा इथून! तू आहेस ती! मला माहितीये!"

खाली इस्त्रीवाले काका होते, त्यांनी आरडाओरडा ऐकला आणि जिना चढून आले. वयस्कर माणूस, श्वास लागलेला. "अहो, झालं काय?" ती बोललीच नाही. नुसतं दाराकडे बोट केलं, मग फटीखालच्या पाण्याकडे. काकांनी दाराला तोंड लावून हळूच म्हटलं, "बाळ, मी इस्त्रीवाले काका. घाबरू नको. कडी काढतेस का?"

"खोटं! मघाशी बाईंचा काढलास, आता काकांचा आवाज काढतेस!"

काका चक्रावून हिच्याकडे बघायला लागले. तिला सांगता येईना. सांगायचं तर बोलावं लागणार, आणि आत ऐकू जाणार. जगातले सगळे आवाज तिने एका मिनिटात वाया घालवले होते, आता कुणाचाच आवाज खरा उरला नव्हता. तिने हातानेच खूण केली, तोडा.

काकांनी खांदा लावला. पहिल्या धक्क्याला दार हललं आणि आतून पोर जिवाच्या आकांताने ओरडायला लागली, "आई! आई गं! आई, लवकर ये ना! ती दार तोडतेय! आई!"

आई दाराबाहेर, हातभर अंतरावर उभी होती. "आले गं, इथेच आहे" एवढंच तिला म्हणायचं होतं, आणि ती आपली मूठ तोंडात कोंबून, दात रुतवून उभी राहिली. काका धक्के मारत होते. लेक आईला बोलावत होती. बोलावत होती आणि विचारत होती, येत का नाहीस? असली शिक्षा वैऱ्यालाही नको.

कड्या निघाल्या. मुलगी कोपऱ्यात उलट्या बादलीवर बसलेली, टॉवेल छातीशी, पायाखाली लाल थारोळं. दारात आईचं तोंड दिसलं आणि तिने दोन्ही हात पसरले. आईने काचांवरून चपला करकरवत जाऊन तिला उचललं, टॉवेलमध्ये गुंडाळलं, काकांनी रिक्षा आणली, आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मुलगी तिच्या मानेला जळूसारखी चिकटून होती. तिथे टेबलावर बसवल्यावर ती पहिलं वाक्य बोलली.

"ती बाहेर होती, आई. किती वेळ होती. तू कुठे होतीस?"

मी बाहेरच होते, असं सांगायचं? पण बाहेर तर ती होती. आईने तोंड उघडलं, तशी मुलीने आपला ओला तळहात तिच्या ओठांवर दाबून धरला. "बोलू नको. नुसती थांब."

डॉक्टर वाकून टाच बघत होते. काच खोल गेली होती, टाके घालावे लागणार होते. सुई भरता भरता ते म्हणाले, "बाई, तुम्ही तिच्याशी बोलत राहा. काहीही बोला, गोष्ट सांगा. आईचा आवाज कानावर पडला की मुलं शांत राहतात."

तिने मान हलवली. सुई आत गेली, लेकीचं अंग ताठ झालं, ओठांवरचा हात आणखी घट्ट झाला. डॉक्टरांनी वर न बघताच पुन्हा म्हटलं, "बोला ना बाई, गप्प का?"

तिने लेकीच्या हातावर आपला हात ठेवला आणि तो ओठांवर तसाच दाबून धरला.